बोलेरोचं इंजिन: बांधून घ्यावं की दुसरं चढवावं?

हापूसवाडी
नमस्कार मंडळी. गाडी बोलेरो डीआय, २००७ सालची, पासिंग एमएच ०७. आमचं गाव देवगड तालुक्यात, खाडीला लागून. गाडी बाबांनी शोरूममधून नवी घेतलेली, आजवर दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेली नाही. काम म्हणाल तर बागेत फवारणीचा पंप आणि खत नेणं, मोसमात आंब्याच्या पेट्या, आणि वाडीतलं कुणी रात्री आजारी पडलं तर दवाखान्यात पोचवणं.

आता सकाळी स्टार्ट केली की निळसर धूर येतो. हजार किलोमीटरला लिटरभराच्या वर तेल खाते. फोंडा घाटात भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवरही रडते. इंजिन चालू ठेवून तेलाची टोपी काढली की आतून भकाभका वाफ मारते.

दोन गॅरेजांत दाखवली. पहिले मेस्त्री म्हणतात फुल इंजिन करा, म्हणजे उघडून झिजलेलं सगळं नीट करून परत बांधा: बोअर (सिलिंडरचं भोक), पिस्टन, क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा), हेड (सिलिंडरवरचं झाकण), डिझेलचा पंप-नोझल सगळं. ऐंशी ते नव्वद हजार, वेळ पंधरा-वीस दिवस. दुसऱ्यांचं म्हणणं, स्क्रॅपला गेलेल्या गाडीचं चालू इंजिन आणून देतो, साठ हजारांत बसवून, तीन दिवसांत गाडी घरी. घरातल्या निम्म्या लोकांचं मत विकून टाका.

मला गाडी ठेवायची आहे, हे आधीच सांगतो. बागेच्या वाटेला दुसरी गाडी तिच्यासारखी चढत नाही आणि नवी घ्यायची तर दहा लाखांच्या पुढे विषय जातो. फेब्रुवारीच्या आत ती पेट्या उचलायला तयार हवी. ज्यांनी असं काम करून घेतलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

खारवारा
इंजिन राहू दे बाजूला. आधी गाडी रॅम्पवर घे आणि चासी, म्हणजे खालचा सांगाडा, बघ. मागच्या पाट्याचे (स्प्रिंगचे) हँगर, बॉडी माउंटच्या जागा, मॅटखालचा पत्रा. हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पुढचं बोलू. गंजाची खापरी सुटायला लागली तर नव्वद हजार कशात घालतोयस याचा विचार कर. समुद्राकाठी इंजिनाआधी पत्रा जातो.

तांबडी_माती
खारवारांना +१. आमच्या वेंगुर्ल्याच्या सुमोचं इंजिन शेवटपर्यंत टकाटक होतं, दरवाजे मात्र हातात यायचे.

झिलगो
मेल्या, बापाशीची गाडी ती, विकूची भाषा कित्या? आमच्या वाडीत एक कमांडर जीप आसा. तिचा इंजिन इतक्या वेळा बांधलेला हा की मेस्त्रीचो झील त्याच इंजिनार शिकान मोठो झालो आणि आता त्येचा स्वतःचा गॅरेज आसा. बिनधास्त बांधून घे.

एसटीतला_जुना
हापूसवाडी, मी एसटीच्या कार्यशाळेत इंजिन विभागात होतो, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न "बांधावं की बदलावं" असा आहे. त्याच्या आधीचा प्रश्न कुणी विचारलेला दिसत नाही: इंजिनाला नेमकं झालंय काय? दोन्ही मेस्त्रींनी धूर बघून भाव सांगितला. मोजलं कुणीच नाही.

निळा धूर म्हणजे तेल जळतंय, इतकंच. ते पिस्टनच्या रिंगांतून वर चढत असेल किंवा व्हॉल्व्हच्या गाइडमधून खाली उतरत असेल. टर्बोवाल्या गाड्यांत टर्बोचं सील गेलं तरी असाच धूर येतो, तेव्हा टर्बोपासून निघणाऱ्या पाइपात बोट घालून तेल किती आहे ते बघावं. ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीमागे असतो, त्याला इंजिनाचंच तेल जातं. तो झिजला की त्याची हवा इंजिनाच्या तेलाच्या चेंबरमध्ये येते आणि टोपीतून वाफ मारते. मग माणूस समजतो रिंगा गेल्या. पंपाकडून चेंबरकडे परत येणारी नळी काही क्षण सुटी करून, गाडी जागेवर उभी असतानाच, फरक पडतो का ते बघणं फुकटचं काम आहे.

यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात तयार होणारा दाब, तपासा. इंजिन गरम करून, सगळे नोझल काढून, बॅटरी पूर्ण चार्ज असताना. डिझेलला चारही सिलिंडर पंचवीस बारच्या आसपास किंवा वर असले तर घाबरायचं कारण नाही. कंपनीचा नेमका आकडा मॅन्युअलात मिळेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चारांतला आपसातला फरक. एकच सिलिंडर खाली असेल तर दुखणं एका जागी आहे, कदाचित हेड उघडूनच भागेल. चारही सारखेच खाली असतील तर झीज सर्वत्र आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: झीज कशामुळे झाली ते शोधा. आपल्याकडे कातळावरची तांबडी धूळ फार बारीक असते. एअर क्लीनरच्या रबरी होजला चीर असली की ती थेट सिलिंडरात जाते आणि रिंगा, बोअर सगळं घासून काढते. ती चीर तशीच ठेवून नवं इंजिन बसवलंत तरी ते दोन मोसमांत याच जागी येईल.

हापूसवाडी
काका, मनापासून आभार. हे कुणीच सांगितलं नव्हतं. कॉम्प्रेशन गेज देवगडात एकाकडे आहे असं कळलंय, विचारतो.

गगनबावडा_उतार
वेगळं मत मांडतो. मी दुसरं इंजिन चढवलंय आणि समाधानी आहे. माझीही बोलेरोच. अपघातात मागून ठोकलेल्या गाडीचं इंजिन घेतलं. ती गाडी उभी असतानाच स्टार्ट करून ऐकली, टोपी काढून पाहिली, सर्व्हिसची नोंद पाहिली, मग पैसे दिले. माझ्या गाडीत चढवण्याआधी क्लच प्लेट, मागचं ऑइल सील, टायमिंगचं काम आणि वॉटर पंप नवं टाकलं, कारण इंजिन बाहेर असताना ते स्वस्तात होतं. त्यानंतर गाडी गगनबावडा, भुईबावडा दोन्ही घाट भरून चढते.

इंजिन बांधण्यात धोका आहे, तो लोक बोलत नाहीत. चांगला मेस्त्री मिळाला तर सोनं. नाहीतर टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) न वापरता अंदाजाने बोल्ट आवळणारे खूप आहेत. बेअरिंगची फट न मोजता क्रँक बसवतात आणि सहा महिन्यांत खटखट सुरू. कारखान्यात जोडलेलं, कधी न उघडलेलं इंजिन मला जास्त भरवशाचं वाटतं.

एसटीतला_जुना
तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण तुम्ही गाडी उभी असताना इंजिन ऐकलंत, हा मोठा फरक आहे. हापूसवाडींना दाखवणार आहेत ते जमिनीवर ठेवलेलं, वरून रंग मारलेलं इंजिन. त्याचा इतिहास कुणाला माहीत?

आमच्याकडे डेपोत गाडी इंजिनासाठी अडकवून ठेवत नसू. उतरवलेलं इंजिन कार्यशाळेत जायचं आणि तयार केलेलं दुसरं चढवून बस मार्गावर जायची. म्हणजे इंजिन बदलणं वाईट, असं मी म्हणणारच नाही. फक्त चढवलेल्या इंजिनाचे बोअर किती, क्रँक कितव्या अंडरसाइजला (घासून किती बारीक केलेला), कुणी जोडलं, हे कागदावर असायचं.

कागद_आधी
दोन्ही बाजू वाचल्या. आरटीओचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहितोय, कारण माझं रोजचं काम तेच.

तुमचाच ब्लॉक (इंजिनाचा मूळ ओतीव भाग) ठेवून इंजिन बांधलंत तर इंजिन नंबर तोच राहतो. आरटीओत काही करावं लागत नाही. दुसरं इंजिन चढवलंत तर नंबर बदलतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. मंजुरीशिवाय इंजिन बदललं असेल तर १४ दिवसांच्या आत कळवून आरसी वर नोंद करून घ्यावी लागते. त्यासाठी इंजिन कुठून आलं याचं बिल आणि मूळ गाडीची कागदपत्रं हवीत. "भंगारातून आणलं, कागद नाहीत" असं असेल तर ते इंजिन चोरीच्या गाडीचंही असू शकतं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्रही लागेल.

आरसीवर एक नंबर आणि इंजिनावर दुसरा, अशा गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी दावा अडवते. पासिंगलाही गाडी तिथेच थांबते.

आणखी एक. तुमची नोंदणी २०२२ ला १५ वर्षं पूर्ण होऊन पाच वर्षांसाठी वाढवली असणार, म्हणजे २०२७ ला परत पासिंग. मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झालं. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीला ते १०,००० केलंय. शिवाय पर्यावरण कर वेगळा. हा खर्च हिशेबात धरा. डिझेल गाडी दहा वर्षांत बंद होते ही भीती मात्र कुणी बाळगू नका, तो निर्बंध दिल्ली आणि आसपासच्या प्रदेशासाठी आहे. आपल्याकडे गाडी सुस्थितीत असेल तर दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं.

झिलगो
कागदवाल्यानु, तुमच्यासारखो माणूस प्रत्येक वाडीत एक होयो. नंबर बदलल्याची नोंद करूक होयी ह्या आमच्यात कोणाकच म्हायत नाय.

वाशिष्ठीकाठ
थोडं विषयांतर, पण कोकणातल्या सगळ्यांच्या कामाचं. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात आमच्या गल्लीतल्या सगळ्या गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर ज्यांनी घाईने चावी मारली त्यांची इंजिनं तिथेच गेली. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरात पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आमच्या शेजाऱ्यांनी चावीला हातच लावला नाही. मेस्त्रींनी नोझल काढले, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढलं, तेल दोनदा बदललं, टाकीतलं डिझेल काढून टाकलं. ती गाडी आजही त्याच इंजिनावर चालते.

सांगायचा मुद्दा: त्या वर्षीच्या पुरातल्या कितीतरी गाड्या नंतर भंगारात गेल्या. स्क्रॅपमधलं इंजिन घेणार असाल तर तेलाच्या चेंबरच्या आतल्या कडा आणि डिपस्टिकच्या नळीत चिखलाची खूण आहे का ते बघाच.

हिशोबी
भावना बाजूला ठेवून बोलतो. इंजिन नव्वद, चासीची वेल्डिंग आणि पत्रा तीस-चाळीस, टायर, पासिंग. दीड लाख धरा. या अवस्थेत बाजारात किती मिळतील, आणि दीड लाख घातल्यावर किती मिळतील? फरक फारसा पडणार नाही. माझं मत: आहे तशी विका, तेवढेच पैसे घालून दहा वर्षं अलीकडची गाडी घ्या.

खारवारा
हिशोबी, दहा वर्षं अलीकडची म्हणजे कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक डिझेल यंत्रणा), सेन्सर, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर). ती देवगडच्या बागेत बंद पडली की स्कॅनर घेऊन माणूस कुठून येणार? याच्या गाडीचा पंप गावातला मेस्त्रीसुद्धा एअर काढून चालू करून देतो. विकायला काढलेल्या गाडीच्या किमतीवरून ठेवायच्या गाडीचा हिशेब करू नये. तो दर मोसमाला किती काम देते यावरून करावा.

हिशोबी
मुद्दा मान्य. पण चासी सडली असेल तर माझं म्हणणं कायम.

खारवारा
चासी सडली असेल तर मी पण तुमच्याच बाजूला.

कोकमसरबत
मी गुहागरला घरगुती खानावळ चालवते, ओम्नी आहे. आमच्या ओम्नीला मी दुसरं इंजिन बसवलं, कागदपत्रांसकट. कारण साधं: ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, जुनं चांगलं मिळतं, आणि बोअर-पिस्टन-क्रँकचं काम करायला गेलं तर खर्च जवळपास तेवढाच येत होता. मोठ्या डिझेलचं गणित वेगळं असणार.

पण दादा, एक गोष्ट दोन्हीकडे लागू आहे. गाडी बंद असतानाचे दिवस मोजा. माझी गाडी सुट्टीच्या हंगामात उभी राहिली असती तर भाड्याच्या रिक्षा आणि धोपावे-दाभोळ फेरीबोटीच्या फेऱ्यांतच इंजिनाएवढे पैसे गेले असते. मेस्त्री पंधरा दिवस म्हणाले की महिना धरा. भाग येत नाहीत, बोअरिंगवाल्याकडे रांग असते. आणि काढलेले सगळे जुने भाग घरी परत मागा. नवीन टाकले का ते तसंच कळतं.

नांगर_टाकला
ताईंचं बरोबर. इथे आमच्या बंदरात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सगळ्या ट्रॉलरची इंजिनं उघडतात. त्या काळात गाडीचं काम कुणी हातात घेत नाही. आता नोव्हेंबर चालू आहे, मेस्त्री मोकळे आहेत. हापूसवाडी, हीच वेळ.

ट्रॉलरवर लेलँडचं सहा सिलिंडरचं इंजिन असतं, ते आम्ही पिढ्यान् पिढ्या बांधूनच वापरतो. लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) किट, क्रँक ग्राइंडिंग, परत समुद्रात. खारं पाणी, दिवसरात्र लोड. तरी चालतं, कारण बोअरिंग आणि क्रँकचं काम आम्ही इथे करत नाही, कोल्हापूरला उद्यमनगरात पाठवतो. मोजमाप तिथे, जोडणी इथे. तुमचंही असंच करा.

शिवाय रेडिएटरकडे बघा. आपल्या हवेत फिन्सचा भुगा होतो, वरून आपण विहिरीचं पाणी ओततो. ब्लॉकच्या आतल्या पाण्याच्या वाटा गंजाने भरतात, वेल्च प्लग (ब्लॉकच्या भोकांवरची पत्र्याची बुचं) कुजतात. बांधून घ्याल तेव्हा ब्लॉक उकळवून साफ करा, वेल्च प्लग सगळे नवे घाला आणि पुढे कूलंटच वापरा.

तांबडी_माती
वेल्च प्लगला दहादा +१. आमचा एक प्लग गिअरबॉक्सच्या बाजूचा होता. तेवढ्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागला.

करूळ_खाली
हाफ इंजिनाबद्दल कुणी बोललं नाही. फक्त रिंगा आणि बिग एन्ड बेअरिंग बदलून तीस-पस्तीस हजारांत होतं ना? फेब्रुवारी गाठायचाय तर तेच करावं.

एसटीतला_जुना
करूळ_खाली, बोअर मापात असेल तरच. सिलिंडर वरच्या टोकाला, जिथे वरची रिंग थांबते तिथे, सगळ्यात जास्त झिजतो. तिथे उष्णता जास्त आणि तेल कमी. खाली तो मूळ मापाचाच राहतो. अशा निमुळत्या आणि लंबगोल झालेल्या बोअरमध्ये नवी गोल रिंग घातली तर ती भिंतीला धड टेकत नाही. सुरुवातीचे दिवस बरं वाटतं, मग परत धूर. हेड उतरवल्यावर बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मोजायचं. मर्यादेत असेल तर होनिंग (भिंत आतून हलकी घासणं) करून रिंगा चालतात. बाहेर असेल तर बोअर मारून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन. त्यापुढेही गेलं असेल तर लायनर बसवता येतो का, हे बोअरिंगवाला सांगेल. पिस्टन आधी हातात यायला हवेत आणि ते मोजून मगच बोअर मारायला सांगा. उलट क्रमाने केलेलं काम मी स्वीकारत नसे.

हापूसवाडी
मंडळी, उशीर झाला पण सगळं करून आलोय.

चासी: रॅम्पवर घेऊन पूर्ण ठोकून पाहिली. डाव्या मागच्या पाट्याच्या हँगरजवळ गंज खोलवर आहे, तेवढा तुकडा कापून प्लेट मारावी लागेल. बाकी चासी खणखणीत. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा नवा टाकावा लागणार.

व्हॅक्यूम पंप: नळी सोडून बघितली, वाफेत फरक नाही.

कॉम्प्रेशन: एक, दोन आणि चार नंबर २१-२२ बार, तीन नंबर १७.

हेड उतरवलं. काकांनी सांगितलं तेच निघालं. एअर क्लीनरच्या होजला क्लिपखाली चीर होती, वरून दिसत नव्हती. पाइपाच्या आत बोट फिरवलं तर तांबडी धूळ. चारही बोअरना वर नखाला कंगोरा लागतो. मोजमाप मर्यादेच्या बाहेर, ०.५० ला साफ होतील असं बोअरिंगवाले म्हणतात. क्रँक मात्र छान निघाला, सगळे जर्नल (बेअरिंगच्या जागा) मापात, नुसतं पॉलिश आणि स्टँडर्ड बेअरिंग.

दुसऱ्या गॅरेजवाल्यांकडेही जाऊन आलो. इंजिनाची कागदपत्रं मागितली तर "नंतर बघू" म्हणाले. तो विषय संपला.

तर बांधून घ्यायचं ठरलं. बोअर, हेड फेसिंग आणि व्हॉल्व्ह सीट कोल्हापूरला, पंप आणि नोझलही तिथेच टेस्ट बेंचवर. जोडणी पहिल्या मेस्त्रींकडे, त्यांच्याकडे टॉर्क रेंच आहे आणि बेअरिंगची फट ते माझ्यासमोर मोजणार आहेत. त्याआधी चासीची वेल्डिंग. बाबांना सांगितलं, ते काही बोलले नाहीत, पण सकाळपासून पार्ट्सच्या दुकानांना फोन लावतायत.

एक प्रश्न राहिला. रनिंग-इन, म्हणजे नवे भाग एकमेकांत बसेपर्यंत गाडी जपून चालवणं, कसं करायचं? मेस्त्री म्हणतात एक दिवस रात्रभर जागेवर चालू ठेवा.

झिलगो
बाबांका माझो नमस्कार सांग. पेटी धाडलंस तर रनिंग-इन मी करून देतंय, गोव्यापर्यंत.

एसटीतला_जुना
रात्रभर जागेवर अजिबात चालवू नका. नुसत्या आयडलवर रिंगांवर दाब येत नाही, त्या बसत नाहीत आणि बोअरची भिंत गुळगुळीत होऊन बसते. मग तेल खाणं कायमचं मागे लागतं.

पहिली स्टार्ट करण्याआधी डिझेल बंद ठेवून स्टार्टरने थांबत थांबत फिरवा, तेलाचा दाब आलेला दिसू दे. स्टार्ट झाल्यावर गळती बघा, पाणी गरम होऊ दे आणि लगेच रस्त्यावर काढा. देवगड-नांदगाव रस्ता चांगला आहे त्यासाठी. वेग सतत कमी-जास्त करत राहा. जोर लावा आणि सोडा. खालच्या आरपीएमला वरच्या गिअरवर ओढायची नाही. पहिले हजार किलोमीटर पेट्या भरून फोंडा चढायचा नाही. पाचशेच्या आत पहिलं तेल आणि फिल्टर बदला. काढलेलं तेल पांढऱ्या भांड्यात ओतून उन्हात बघा, सुरुवातीला थोडी चमक दिसणारच. हेडचे बोल्ट परत आवळायचे की नाही ते गॅस्केटच्या प्रकारावर आहे, पाकिटावर लिहिलेलं वाचा.

एअर क्लीनरची होज नवी घेताना क्लिपाही नव्या घ्या.

कोकमसरबत
आणि दादा, कोल्हापूरच्या कामाचं बिल जीएसटीसकट घ्या, त्यावर पिस्टनचं माप लिहून घ्या. पुढच्या वेळी इंजिन उघडेल त्याला आधी तेच लागेल.

हापूसवाडी
घेतो ताई. ब्लॉक सोमवारी कोल्हापूरला जातोय. काका, पिस्टन आले की त्यांची मापं इथे टाकतो, बोअर मारायला सांगण्याआधी एकदा नजर टाका.